एनआयसीयूमध्ये नव्या सिस्टरला शिकवताना

आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकातच असल्यामुळे इथल्या मुली तयार होऊनच येतात, असे बाहेरच्यांना वाटते. नर्सिंगची बीएस्सी पदवी असो वा जीएनएम पदविका, त्यांचे पुस्तकी ज्ञान खरोखरच कमी नसते; पण नवजात अतिदक्षता विभागात जनरल वॉर्डातल्या काही चांगल्या सवयीच आड येतात.

ऑक्सिजनवर असलेल्या, अठ्ठावीस आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाचे सॅच्युरेशन (रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण) ९९ टक्के दिसले की नवी सिस्टर निश्चिंत होते. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते ठीक असते. इथे मात्र ते साधारण ९० ते ९५ च्या दरम्यान ठेवायचे असते, कारण जादा ऑक्सिजनमुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते. म्हणून वरच्या मर्यादेचा अलार्मही खालच्याइतकाच गंभीरपणे घ्यावा लागतो, आणि हे तिच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो.

माझ्या मते शिकवणाऱ्या सिस्टरची खरी कसोटी हात आवरण्यात असते. अलार्म वाजला की आपला हात सवयीने मॉनिटरकडे जातो, आवाज बंद होतो आणि नवी मुलगी नुसती बघत राहते. बाळाला धोका नाही हे एका नजरेत कळले, तर मी मागे थांबते आणि आधी बाळाकडे बघायला सांगते: छाती हलते आहे का, ओठांचा रंग कसा आहे, पायावरचा प्रोब (सॅच्युरेशन मोजणारा सेन्सर) सैल झाला आहे का. बाळाचा श्वासच थांबला असेल तर अर्थातच शिकवणी तिथेच संपते. पाठ चोळून त्याला श्वास घ्यायला लावणे आधी. डोसचेही तसेच आहे. किलोभरही वजन नसलेल्या बाळासाठी दशांश चिन्ह एक घर सरकले तर औषध दहापट जाते, म्हणून आम्ही दोघी स्वतंत्रपणे हिशेब करतो आणि माझा आकडा मी आधी सांगत नाही.

(पेठ-सुरगाण्याकडच्या आयांना कांगारू केअर (बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणे) समजावण्यात मात्र त्या भागातल्या नव्या मुली आम्हा जुन्यांपेक्षा सरस ठरतात.)

एवढे करायचे तर वेळ हवा. शिकवणाऱ्या सिस्टरकडे नेहमीइतकीच बाळे देऊन वर नवी मुलगीही सोपवायची, हा प्रकार मला मान्य नाही. व्हेंटिलेटरवरच्या एका बाळामागे एक सिस्टर हवी असे आपण म्हणतो, तर सुरुवातीचे काही आठवडे नव्या मुलीला ड्यूटीच्या तक्त्यात पूर्ण मनुष्यबळ म्हणून धरू नये.