डावं वळण आलं की गाडी बंद

नवरात्र तोंडावर आलं की बेळगावच्या पश्चिम भागातल्या रताळ्याला मागणी वाढते. बेळगुंदी, उचगाव, बेक्किनकेरे या पट्ट्यात काढणीची धांदल असते आणि माझी २००६ सालची डिझेल पिकअप रात्री दोनला पोती घेऊन म्हापशाच्या वाटेला लागते. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, खाली केरी, साखळी. मागच्या हंगामात याच गाडीनं मला रडवलं. दुखणं सापडायला दीड महिना गेला. अशा जुन्या गाड्या आपल्या भागात भरपूर आहेत, म्हणून ते कसं सापडलं ते नीट लिहितो.

सुरुवात सेल्फपासून, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या मोटरपासून झाली. चावी फिरवली की नुसतं टक्. सेल्फ फिरत नाही. चार-पाचदा मारला की एकदम लागायचा, जणू काही झालंच नव्हतं. सगळे म्हणाले बॅटरी गेली. नवी बॅटरी घातली, आठवडाभर बरं चाललं, परत टक्. मग सेल्फ उतरवून कार्बन ब्रश आणि बुश बदलून घेतले. परत तेच. दोन्ही मिळून साडेनऊ हजार गेले आणि गाडी जिथल्या तिथं.

त्यातच चावी अडकायला लागली. शेताच्या बांधाला चाकं वळवून गाडी लावली की सकाळी चावी हलायचीच नाही. खरं तर हा बिघाड नव्हे. चावी काढल्यावर स्टेअरिंग लॉकची खीळ कॉलमच्या, म्हणजे स्टेअरिंगखालच्या नळीच्या, आतल्या दांड्याच्या खाचेत बसते, आणि वळलेल्या चाकांचा ताण त्या खिळीवर येतो. एका हातानं स्टेअरिंग जरा डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हातानं चावी फिरवली की ती सुटते. मी मात्र एकदा पक्कड लावून चावी फिरवली होती. तसं कुणी करू नये, चावी आत मोडली तर सगळा बॅरल, म्हणजे चावी घालतो तो कुलपाचा भाग, काढावा लागतो.

पण खरी भीती वाटली ती घाटात. कणकुंबी मागं टाकून उतारावर होतो, तिसरा गिअर, मागं टनभर माल. एका डाव्या वळणावर डॅशबोर्डचे दिवे गेले आणि इंजिनचा आवाजच थांबला. हेडलाइट तेवढे चालू. क्लच दाबला नाही हे माझं नशीब, कारण गाडी गिअरमध्ये असल्यामुळं चाकं इंजिनला फिरवत राहिली. वळण संपून स्टेअरिंग सरळ झालं तसा एक हिसका बसला आणि इंजिन आपोआप पेटलं. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा तसंच. मी चावीला हात लावला नाही. चालत्या गाडीत चावी पार मागं फिरवली आणि ती बाहेर आली तर स्टेअरिंग लॉक व्हायचं, आणि त्या घाटात मग काय उरतं? दुसऱ्या गिअरमध्ये, रडतखडत केरीला उतरलो. गाडी बाजूला लावली तेव्हा हाताला कंप सुटला होता.

दोन दिवसांनी शहरातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलो. सगळे त्यांना मामाच म्हणतात. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. "कधी बंद पडते ते सांगा आधी," म्हणाले. मी सांगितलं, डाव्या वळणावर. "उजव्या नाही?" नाही. एवढं ऐकल्यावर ते बॉनेटकडं गेलेच नाहीत, सरळ केबिनमध्ये शिरले आणि स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवलं. अख्खा कॉलम बोटभर हलला. मी रोज तेच स्टेअरिंग धरत होतो, पण असं वर-खाली हलवून कधी बघितलं नव्हतं.

तरी त्यांनी मीटर लावलाच. गाडी उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. मला सेल्फ मारायला लावला. त्या वेळी बॅटरीवर १०.९, पण सेल्फच्या सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फला करंट सोडणाऱ्या विजेच्या खटक्याला, जाणाऱ्या बारीक वायरीवर फक्त ६.८. वाटेत चार व्होल्ट गायब. एवढ्यावर सोलेनॉइड टक् करतो, पण आतला मोठा कॉन्टॅक्ट धरत नाही. मग न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड, आणि बॅटरीवरून थेट वायर त्या टर्मिनलला टेकवली. सेल्फ पहिल्या झटक्याला फिरला. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला. माझे साडेनऊ हजार उगाच गेले हे त्या अर्ध्या मिनिटात कळलं. ही तपासणी मला आधी कुणी दाखवली असती तर!

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून त्यांनी कॉलमचं प्लास्टिक कव्हर उघडलं. "इल्ली नोडरी," म्हणजे इथं बघा, म्हणत टॉर्च मारला. इग्निशन स्विचमागचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारं प्लास्टिकचं घर. मूळचा पांढरा, पण जाड वायरीच्या घराभोवती भाजलेल्या भाकरीसारखा तपकिरी झालेला, कडेला वितळून गाठ आलेली. आतलं पितळी टोक ढिलं आणि काळंनिळं. वायरीचं आवरण बोटभर लांब कडक झालं होतं, वाकवलं की तडकायचं.

सगळ्याचं मूळ त्याच्याही वर होतं. डॅशबोर्डखाली कॉलम धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचा एक बोल्ट पडलेला, दुसरा ढिला, आणि वरचा बुश झिजलेला. डावीकडं वळवताना कॉलम बाजूला झुकायचा आणि वायरिंगला ताण बसून कपलर ओढला जायचा. ढिला कॉन्टॅक्ट तापतो, तापला की अजून ढिला होतो. सेल्फ मारताना तिथंच व्होल्ट खाल्ले जायचे, आणि वळणावर तोच कॉन्टॅक्ट सुटून डिझेल पंपाच्या सोलेनॉइडचा करंट तुटायचा. करंट तुटला की डिझेल बंद. सेल्फचं आणि घाटातलं, दोन वेगळी दुखणी समजत होतो, ते एकच निघालं.

बॅरल तोच ठेवला, त्यामुळं चावी बदलावी लागली नाही. फक्त मागचा स्विच दोन स्क्रू काढून नवा बसवला, कपलर नवा, जळकी वायर कापून नवीन जोडली. सेल्फसाठी वेगळा रिले घातला, फ्यूजसकट. आता जास्तीचा करंट चावीच्या स्विचमधून जात नाही, स्विच फक्त रिलेला इशारा देतो. बुश बाजारात मिळेना, तो बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात एका लेथवर नायलॉनचा करून घेतला, जुना नमुना देऊन. मामांचं म्हणणं, पितळी बुश कोरडा पडला की कुरकुरतो.

खालचा क्रॉस, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचे दोन तुकडे जोडणारा सांधा, तोही त्याच दिवशी बघितला. मी स्टेअरिंग दोन बोटं डावी-उजवीकडे हलवत बसलो आणि ते खालून बघत होते. वरचा दांडा हलतो पण खालचा हलत नाही, तिथं प्ले, म्हणजे ढिलेपणा. क्रॉस काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर पंचनं खूण केली, नाहीतर स्टेअरिंग वाकडं बसतं. मी स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळायचं सुचवलं होतं, त्यांनी हात धरला. क्रॉसचा प्ले बॉक्सचा स्क्रू आवळून जात नाही, उलट स्टेअरिंग मध्यभागी जड होतं.

चावीचा जुडगाही वेगळा करायला लावला. घराची, पंपाच्या खोलीची, गोदामाची चावी आणि यल्लम्माचं लॉकेट, सगळं ओझं त्या बॅरलला लोंबत होतं. आता गाडीची चावी एकटी असते. बॅरलमध्ये तेल घालू नका म्हणाले, धूळ धरते. पेन्सिलीच्या शिशाची पूड घातली.

सगळं झाल्यावर पुन्हा मीटर लावला. सोलेनॉइडवर १०.५. त्याच आठवड्यात टनभर माल घेऊन घाट उतरलो. प्रत्येक डाव्या वळणावर कान इंजिनकडं होते. एकदाही दिवे गेले नाहीत.

ब्रॅकेटच्या दोन्ही बोल्टांवर मामांनी पांढऱ्या रंगाची रेघ मारून दिली आहे, अर्धी बोल्टवर, अर्धी ब्रॅकेटवर. डिझेल भरताना मी वाकून टॉर्च मारतो. रेघ अजून जुळलेली आहे.