चिवड्याच्या डब्यातली किल्ली

दर काही दिवसांनी माझ्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकलेली असते: 'केअरवोख'. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी. जर्मनीतल्या श्टुटगार्टकडची ही जुनी रीत. पाटी लटकवणाऱ्या शेजारच्या आजी चार वर्षांत एकदाही माझ्या उंबऱ्याच्या आत आलेल्या नाहीत. माझी पार्सलं घेऊन ठेवतात, दाराबाहेरूनच देतात, आणि अजूनही मला 'झी' म्हणतात. आपलं अहो-जाहो.

मैत्रिणीचं नेमकं उलटं. श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी-शहरं आहेत म्हणे, पण मला इथे बहीण मिळाली ती हिच्यात. पत्ता नोंदवायला सरकारी ऑफिसात तीच सोबत आली, बँकेतही तीच, पहिल्या तापात वरणभाताचा डबा घेऊन धावली तीही तीच. म्हणून डिसेंबरात साताऱ्याला जाताना झाडांना पाणी घालायला किल्ली तिच्याकडे दिली. परत आल्यावर मी मागितली नाही, तिने दिली नाही.

मग एकदा घरी आले तर मसाल्याच्या बरण्यांची जागा बदललेली. 'किती पसारा होता गं!' दुसऱ्यांदा पत्रं फोडून, वाचून, टेबलावर नीट रचून ठेवलेली. कारण काय, तर माझं जर्मन कच्चं. (कच्चं आहे, पण इतकंही नाही.) मी हसले. आपण हसतोच.

मार्चमधल्या एका शनिवारी मी शहराच्या वाचनालयात होते. 2011 साली उघडलेली ही इमारत म्हणजे एक मोठा ठोकळा, आत सगळं पांढरंशुभ्र. तिथे बसून व्हर्जिनिया वुल्फचं 'अ रूम ऑफ वन्स ओन' संपवत होते. लिहायचं असेल तर बाईला वर्षाला 500 पौंड हवेत आणि कुलूप लागणारी खोली हवी, असं बाई 1929 मध्ये सांगून गेल्या. तेवढ्यात आईचा फोन. रडत होती. 'तू तिकडे इतकी एकटी पडलीस आणि आम्हाला परक्यांकडून कळतं?'

झालं असं होतं. माझ्या उशाशी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे' होतं. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, त्यानंतरचे लक्ष्मीबाईंचे ताटातुटीचे दिवस वाचताना समासात पेन्सिलीने मी काहीबाही लिहिलं होतं. रात्री दोनला माणूस जे लिहितं ते. मैत्रिणीने ते वाचलं आणि सरळ आईला फोन लावला. काळजीपोटीच. त्यामुळे धड भांडताही येईना.

संतापाच्या भरात पुन्हा 'स्मृतिचित्रे'च उघडलं आणि लक्ष्मीबाईंचे वडील भेटले. सोवळ्याने पछाडलेले, बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय त्यांना चालायची नाही. लक्ष्मीबाई हे सगळं इतक्या हसत सांगतात की त्यांच्या घरच्यांचे हाल मागाहून लक्षात येतात. वाटलं, माझंही तेच तर होत नाहीये? माझी पुस्तकं, माझी पत्रं, माझ्या बरण्या, कुणी शिवायचं नाही. चार वर्षांत मीही शेजारच्या आजींसारखी दाराबाहेर पार्सल देणारी झाले की काय?

दोन दिवस हा विचार चघळला. पण वडिलांच्या सोवळ्याचा जाच घरातल्या सगळ्यांना होता. माझ्या समासातल्या चार ओळींनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? नाही, किल्ली परत हवीच होती.

इथल्या माणसाने सरळ सांगितलं असतं. मी थाप मारली. 'घरमालक किल्ल्या मोजतोय गं, एक हरवली तर म्हणे सगळ्या बिल्डिंगची कुलपं बदलावी लागतात.' दुसरं वाक्य खरं आहे, असं होऊ शकतं. पहिलं साफ खोटं. ती गप्प झाली. मग म्हणाली, 'परकी झाले का मी?' मी 'छे गं, काहीतरीच' म्हटलं आणि विषय हवामानावर नेला.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दार उघडेपर्यंत ती जिना उतरूनही गेली होती. पायपुसण्यावर स्टीलचा डबा, आत पातळ पोह्यांचा चिवडा, आणि चिवड्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली किल्ली.

चिवडा चार दिवसांत संपला. डबा घासून ओट्यावर ठेवलाय, त्याला आता तीन आठवडे होतील. रिकामा कसा परत करणार? काल बेसन भाजायला घेतलं होतं. जरा करपलं.