डबीवरची तारीख

बाई ऊसतोड कामगार, वय तिशीच्या आत, एचआयव्ही, सीडी४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा फक्त १८. आठ दिवस डोकं फुटतंय, उलट्या थांबत नाहीत. तपासणीत क्रिप्टोकॉकस निघाला, म्हणजे मेंदूच्या आवरणाला बुरशी.

२०१७ पासून आमच्या अंगात मुरलंय ते वेगळंच. एचआयव्ही निघाला की सीडी४ कितीही असो, एचआयव्हीच्या गोळ्या सुरू करा, लवकर करा. मासिक अहवालात त्याचा रकाना आहे. तो रिकामा दिसला की वरून फोन येतो, आणि फोन करणारा वॉर्डात कधी फिरकलेला नसतो. क्रिप्टोकॉकसमध्ये मात्र थांबावं लागतं. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात एक-दोन आठवड्यांत गोळ्या सुरू केलेल्यांपैकी सहा महिन्यांत ४५ टक्के दगावले, पाच आठवडे थांबलेल्यांपैकी ३०. परतलेली प्रतिकारशक्ती उरल्यासुरल्या बुरशीवर तुटून पडते आणि कवटीत जागा नसते.

दाब मोजायचा मॅनोमीटर आमच्याकडे नाही. पाठीत सुई घातली, सलाईनची नळी स्टँडला उभी बांधली, शेजारी मोजपट्टी धरली. मणक्यातलं पाणी ३८ सेंटिमीटरवर चढलं. २० च्या आत हवं. २५ मिली थेंबथेंब सोडलं. अर्ध्या तासात बाई उठून बसली, पदर सावरून चहा मागितला. असे दिवस थोडे असतात. बुरशीवरचं अँफोटेरिसिन डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे साखरेच्या पाण्यातच मिसळायचं असतं. एका रात्री कुणीतरी मिठाच्या सलाईनमध्ये मिसळलं, बाटलीत दूध नासल्यासारखं झालं. लावण्याआधी दिसलं म्हणून निभावलं.

चौदाव्या दिवशी मुकादम वॉर्डात हजर. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, टोळी निघायला चार दिवस. मुकादमाला मी 'मेंदूज्वर' एवढंच सांगितलं. खोटं नव्हतं. नवऱ्याला बाजूला घेऊन म्हटलं, अजून तीन आठवडे थांबा.

"सायेब, कारखाना थांबतोय का?"

कारखान्याजवळच्या एचआयव्हीच्या सेंटरला चिठ्ठी देता येते. पण टोळीतून एक दिवस सुटी काढायची तर कारण सांगावं लागतं, आणि चिठ्ठ्या खिशातच विरतात हे मी दर हंगामात बघतो. म्हणून नियमात न बसणारं केलं. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल रोज घ्यायला सांगितलं आणि एचआयव्हीच्या तीस गोळ्यांची सीलबंद डबी हातात दिली. वर मार्करनं सुरू करायची तारीख. बाईला तीनदा म्हणायला लावली. रजिस्टरमध्ये ती त्याच दिवशी 'सुरू' झाली. रकाना भरला, फोन बंद.

परवा नवऱ्याचा फोन. पुन्हा डोकं दुखतंय, दोन दिवस फडात गेली नाही. तारीख उलटून जेमतेम चार दिवस झालेले.

"गोळी कधी सुरू केली?"

थोडा वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज. मग, "तुमी सांगितल्या तारखेलाच, सायेब."

तो 'च' माझ्या डोक्यातून जात नाहीये. चार दिवसांच्या गोळ्यांनी सहसा इतक्यात असं होत नाही. फ्लुकोनॅझोल चुकलं असेल, किंवा डबी आधीच फुटली असेल. बरं वाटावं म्हणून गोळी लवकर घेतली, तर तिला काय बोलणार? लगेच दवाखान्यात न्या म्हणून सांगितलंय. तिथल्या डॉक्टरांना मापाचा आकडा, तारखा, सगळं फोनवर कळवलंय. आज दुपारपर्यंत ती पोचलेली नव्हती.