डर्बनच्या वाटेवरचा बुडालेला डोंगर

न्हावा शेवाहून डर्बनला जाताना आमची बोट एका डोंगररांगेवरून जाते. दिसत काहीच नाही. एवढ्या खोल पाण्यात आमचा इको साउंडर, म्हणजे प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, तोही उपयोगाचा नाही. मी सेकंड ऑफिसर, बारा ते चारची वॉच माझी. चार्टवरचे आकडे तेवढे बघतो. चार हजार मीटरच्या आसपासची खोली तीन हजारांवर येते, कुठे त्याहून कमी, आणि पुढे परत वाढते.

हा कार्ल्सबर्ग रिज, म्हणजे समुद्राखालची डोंगररांग. हो, बिअरवालेच! १९२८-३० च्या डॅनिश 'डाना' समुद्रमोहिमेला कार्ल्सबर्ग फाउंडेशनने पैसा दिला होता, त्यावरून हे नाव.

पृथ्वीचं कवच मोठमोठ्या सरकत्या तुकड्यांचं, त्यांना प्लेट म्हणतात. रिजच्या ईशान्येला भारतीय प्लेट, नैर्ऋत्येला आफ्रिकेकडची. दोघी वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर लांब सरकतात आणि मधल्या फटीत खालून आलेला लाव्हा गोठून नवा तळ तयार होतो. नवा तळ गरम, म्हणून फुगलेला आणि उंच. जुना होईल तसा निवतो, जड होतो, खाली बसतो. आकड्यांची चढउतार ती हीच.

शाळेत हे सगळं अटलांटिकच्या चित्रावर शिकलो. प्रत्यक्षात तळ असा पसरतो याचा मोठा धागा सापडला तो आपल्या बाजूच्या समुद्रात. १९६२ मध्ये 'एचएमएस ओवेन' या ब्रिटिश जहाजाने या रिजवर चुंबकीय मोजणी केली. त्या कामावर ड्रमंड मॅथ्यूज होते; केंब्रिजमध्ये त्यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन ते आकडे घेऊन बसला. लाव्हा गोठताना त्यातल्या लोहखनिजांत पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या वेळची दिशा पक्की होते, आणि ही दिशा अधूनमधून उलटते. तळ खरंच मधून दोन्हीकडे पसरत असेल, तर त्यावर सुलट-उलट पट्टे उमटलेले असणार, असं दोघांनी सप्टेंबर १९६३ च्या 'नेचर'मध्ये मांडलं. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्लींनाही हेच सुचलं होतं, पण त्यांचा लेख 'नेचर'ने साभार परत केला. मला त्यांचंच जास्त वाईट वाटतं.

सह्याद्रीचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. तो लाव्हा वाहिला तेव्हा सेशेल्स, आज रिजच्या पलीकडे असलेला बेटांचा देश, आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून होतं. ते सुटलं त्यानंतर. म्हणजे आज मुंबई आणि सेशेल्सच्या मधला बहुतेक तळ सह्याद्रीपेक्षा तरुण! सेशेल्सच्या माहे बेटावरचे ग्रॅनाइटचे धोंडे मात्र ७५ कोटी वर्षांचे, कारण तो खंडाचा तुटलेला तुकडा आहे.

हे मेसमध्ये सांगितलं, तर आमचा गुहागरचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, जेवता जेवता म्हणाला, "म्हणजे भावकीच की, साहेब. सातबारा कुणाच्या नावावर राहिला?"