तुम्ही विचारलेत म्हणून : खाण्याचे हाल झाले नाहीत

न्यूयॉर्कला मुलीकडे पाच महिने राहून इंदूरला परतले, तेव्हापासून आमच्या रामबाग वस्तीत भेटणारी प्रत्येक जण विचारते, "तिकडे खाण्याचे हाल झाले असतील ना हो काकू?" विचारण्यामागे काळजी असते, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे. मी पूर्ण शाकाहारी आहे, चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाही, आणि तरीही माझे हाल झाले नाहीत. उलट इतके निरनिराळे आणि तरीही इतके ओळखीचे अन्न मी एका गावात कधी खाल्ले नव्हते.

मुलगी क्वीन्स भागात राहते. तिथली वस्ती सुमारे २४ लाख असून जवळजवळ निम्मी माणसे अमेरिकेबाहेर जन्मलेली आहेत. कोणत्या देशातून किती माणसे घ्यायची हे ठरवून टाकणारा जुना कोटा १९६५ च्या कायद्याने रद्द झाला, त्यानंतर आशियातून लोक येत राहिले आणि त्यांतले पुष्कळ जण सात क्रमांकाच्या लोकलच्या आजूबाजूला स्थिरावले. ही गाडी बराच वेळ रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून धावते. वुडसाइडला उतरलात तर फिलिपिनो खाणावळी, जॅक्सन हाइट्सला बांगलादेशी, नेपाळी आणि तिबेटी, एल्महर्स्टला थाई, आणि शेवटच्या फ्लशिंगला चिनी आणि कोरियन. फ्लशिंगच्या गणपती मंदिराच्या तळघरात डोसाही चांगला मिळतो, पण तिथे मी दोनदाच गेले, कारण डोसा आपल्याकडेही मिळतो.

थाई जेवणात एकदा फसगत झाली. "व्हेज आहे ना?" असे विचारून घेतलेल्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत माशांचे खारवलेले पाणी, म्हणजे फिश सॉस, होता. ज्यात मांसाचा तुकडा नाही ते शाकाहारी, असा वाढणाऱ्या मुलाचा प्रामाणिक समज होता. तेव्हापासून मी पदार्थात काय काय पडते ते एकेक करून विचारू लागले, आणि तुम्हालाही तेच सांगेन. चिनी वस्तीत तर एक अक्षर ओळखून ठेवावे, 素, त्याचा उच्चार 'सू', अर्थ शाकाहारी. ते ज्या पाटीवर असते, ती पुष्कळदा बौद्ध खाणावळ असते, आणि चिनी बौद्ध स्वयंपाकात मांसमच्छीबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. आषाढी एकादशीनंतरचे माझे जेवण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, चिनी माणसांच्या पंगतीत, नियम न मोडता होत होते, हे मला अजूनही फार मोठे वाटते.

जॅक्सन हाइट्सला एका लहानशा तिबेटी दुकानात बटाट्याचे मोमो मिळत. करणाऱ्या बाई माझ्याशी सफाईदार हिंदीत बोलल्या, म्हणून गाव विचारले, तर म्हणाल्या, "मैनपाट". आज ते छत्तीसगडात आहे, पण त्या जन्मल्या तेव्हा मध्य प्रदेशातच होते, म्हणजे आम्ही दोघी एका राज्यातल्या. त्यांचे आईवडील तिबेट सोडून त्या पठारावर आले होते. तिथे मांस परवडत नसे आणि बटाटा उदंड पिकत असे, म्हणून त्यांच्या आईने सारण बदलले. पुढे अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यात भारत-नेपाळमधल्या एक हजार तिबेटी निर्वासितांसाठी व्हिसा राखून ठेवले गेले, आणि त्यांतून त्यांच्या मोठ्या भावाचा नंबर लागला. बोलता बोलता त्यांची बोटे मोदकाला पाडाव्यात तशा बारीक कळ्या पाडत होती. तिबेटहून निघालेला मोमो मैनपाटचा बटाटा पोटात घेऊन क्वीन्सला पोहोचला होता.

पण माझे मन खरे गुंतले ते फ्लशिंगच्या एका तळघरातल्या थंडगार नूडल्समध्ये. चीनमधल्या शिआन शहराकडचा हा पदार्थ, नाव ल्यांगपी. पहिला घास घेतला आणि जिभेला वैशाख आठवला. मुलगी म्हणाली, "आई, हा तर चीक!" आणि खरोखर तो गव्हाचा चीकच होता. आपण गहू तीन दिवस भिजत घालून, वाटून, गाळून चीक काढतो. ते लोक कणकेचा गोळा पाण्यात चोळून चोळून धुतात, पांढरे पाणी निवळू देतात, वरची निवळ ओतून टाकतात आणि तळाशी बसलेल्या चिकाचा पातळ थर ताटलीत वाफवून त्याच्या पट्ट्या कापतात. धुऊन उरलेला चिवट गोळाही टाकत नाहीत. तोही वाफवून त्याचे जाळीदार तुकडे वर घालतात, आणि ते व्हिनेगर व मिरचीचे तेल स्पंजासारखे शोषून घेतात. आपण इतकी वर्षे चोथा गाईला घालत आलो, याची मला त्या दिवशी हळहळ वाटली.

मला तिथे परके वाटले नाही, त्याचे कारण इंदूरच आहे. १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाल्यावर होळकरांची राजधानी महेश्वरहून इथे आली आणि मागोमाग आपली कितीतरी मराठी घरे आली. पोहेही आपल्याच माणसांबरोबर माळव्यात आले असे आपण मानतो, पण इथे ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेवर राहू लागले, त्यांत बडीशेप पडली, वर जिरावण मसाला आणि शेव आली. १९४७ नंतर आलेल्या सिंधी घरांचे दाल-पकवान आपण नाश्त्याला खातो. घर सोडून आलेल्यांचे अन्न कसे असते हे कुणी आपल्याला वेगळे शिकवायला नको.

यंदा कुरडयांचा चीक काढला, तेव्हा वाटीभर बाजूला ठेवला आणि ढोकळ्याच्या ताटलीला तेल लावून पातळ थर वाफवला. पहिला थर फाटला, दुसरा अलगद सुटला. पट्ट्या कापून व्हिनेगर, लाल तेल, काकडी आणि लसणाचे पाणी घातले. हालांची चौकशी करणाऱ्यांपैकी दोघी त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी ताटली संपवली आणि दुसऱ्यांदा घेताना वर थोडी शेव मागितली.