तुम्ही विचारलंत म्हणून: टेलिफोटो झूम (लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स) जुनी घेऊ की नवी?

पक्ष्यांचे फोटो काढायला लागलेले लोक हा प्रश्न मला सारखा विचारतात, आणि त्यांची मुख्य काळजी असते ती जुन्या लेन्सची काच आताच्या सेन्सरला पुरेल का याची. काचेचं नंतर बघू. मी आधी विचारते, बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) कुठली आहे आणि तुम्ही बसलेला पक्षी काढता की उडणारा? कारण माझ्या अनुभवात जुनी लेन्स काचेपेक्षा फोकसमध्ये जास्त मार खाते.

निकॉनची पहिली 80-400 बघा (हे आकडे मिलिमीटरमधले, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). 2000 साली आली, एसएलआरसाठी (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यासाठी) व्हीआर, म्हणजे हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन, असलेली निकॉनची ती पहिली लेन्स, फोटो अजूनही छान देते. पण तिच्यात फोकसची मोटरच नाही, बॉडीतली मोटर एका स्क्रूने तिचा फोकस फिरवते, त्यामुळे ज्या बॉडीत ती मोटर नाही तिथे सगळं हाताने, आणि झेड सिरीजच्या मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) जुनी लेन्स जोडणारं एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावलात तरी ऑटोफोकस मिळत नाही. 2013 च्या आवृत्तीत मोटर आत आहे, तिला ही अडचण नाही. कॅननवाल्यांचं बरं आहे, 1987 पासून त्यांच्या एसएलआरच्या ईएफ मालिकेतल्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर आतच असते आणि मिररलेसचं साधं अ‍ॅडॉप्टर म्हणजे नुसती पोकळ नळी, त्यात काच नाही, म्हणून जुनी लेन्ससुद्धा त्यांच्या आर सिरीजच्या मिररलेसवर फोकस करते.

मी स्वतः कॅननची 1998 ची 100-400 बरीच वर्षं वापरली, ती पुढेमागे ओढून झूम करायची पुश-पुल. लोक म्हणतात ती धूळ ओढते. आत चार कण दिसले तरी फोटोत ते येत नाहीत हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. आणि घार डोक्यावरून जात असताना एका झटक्यात 100 वरून 400 ला जायचं तर ती ओढायची पद्धत मला आजही फिरवायच्या रिंगपेक्षा आवडते! मग बदलली का? दोन कारणं. तिचं स्टॅबिलायझेशन सुरुवातीच्या पिढीतलं, ट्रायपॉडवर आठवणीने बंद करावं लागायचं, आणि 1.8 मीटरच्या आत ती फोकसच करत नाही. 2014 ची दुसरी आवृत्ती 98 सेंटीमीटरपर्यंत येते, म्हणजे पक्षी नसले तर फुलपाखरं, चतुर सगळं त्याच लेन्सवर, आणि संध्याकाळी हातात धरून बसलेला खंड्या 1/100 सेकंदाच्या शटरला शार्प येतो. वजन मात्र वाढलं. उडणाऱ्या पक्ष्याला हे स्टॅबिलायझेशन काही करत नाही हं, ते तुमचा हात थांबवतं, पंख नाही, तिथे 1/2000 च लागतो आणि त्यासाठी उजेड किंवा जास्त आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता).

आणि नवी म्हणजे सगळ्या बाबतीत पुढे असंही नाही. निकॉनची 70-200 एफ/2.8 (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) व्हीआर 2003 ची, फुल फ्रेमवर (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) तिचे कोपरे मऊ पडतात, म्हणून 2009 च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुधारले, पण ही दुसरी 200 वर ठेवून अगदी जवळ फोकस केलात की विषय साधारण 135 च्या लेन्सएवढाच मोठा दिसतो. ज्यांना चेहरे किंवा छोटे पक्षी जवळून भरून काढायचेत त्यांना हे लगेच जाणवतं. क्रॉप (फुल फ्रेमहून लहान) सेन्सर असेल तर कोपरे तसेही कापले जातात, मग जुनीचा तो दोष तुम्हाला दिसणारच नाही. कॅननची आर सिरीजसाठीची नवी आरएफ 100-500 बघा, लांबच्या टोकाला एफ/7.1, म्हणजे 5.6 पेक्षा दोन तृतीयांश स्टॉप उजेड कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), आणि एक्स्टेंडर (पोहोच वाढवणारी जोडलेन्स) लावला की 300 च्या मागे झूम येतच नाही. हे माहीत असून घेतली तर सुंदर लेन्स आहे.

मला खरी भीती वाटते ती दुरुस्तीची. माझ्या एका जुन्या लेन्सची फोकस मोटर गेली, तर कळलं की सुटे भाग बनायचे केव्हाच बंद झालेत, काच अगदी नितळ आणि लेन्स कपाटात. म्हणून जुनी घेण्याआधी त्या मॉडेलचे भाग अजून मिळतात का हे विचाराच, आणि नाही म्हणाले तर ती किती वर्षं चालेल याचा भरवसा धरू नका.

हातात आली की टॉर्च मारून आत बघा. धुळीचं सोडा, पण कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर परत द्या, ती काचेवरचं कोटिंग खाते. जवळून अनंतापर्यंत फोकस दहावीस वेळा फिरवा, मोटर करकरतेय का ऐका. मग सगळ्यात लांब टोकाला, अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडं ठेवून, दहाबारा मीटरवरच्या झाडाच्या सालीचे फोटो काढा. दुपारी लांबच्या डोंगराचे काढून लेन्सला मऊ म्हणू नका, तापलेली हवा नव्या लेन्सलाही तसंच करते. आणि हे सगळं करण्याआधी लेन्सवरचा फिल्टर काढा. स्वस्त फिल्टरमुळे चांगली 100-400 मऊ दिसलेली मी पाहिलीय आणि फिल्टर काढल्यावर त्याच मिनिटाला पिसं मोजता आलीत.