स्त्रीबीज नुसतं वाट बघत बसत नाही

कोट्यवधी शुक्राणूंची शर्यत लागते, जो पहिला पोचतो तो जिंकतो आणि स्त्रीबीज आपलं बसलेलं असतं गपचूप, ही गोष्ट इतक्या ठिकाणी वाचलीये की आता दिसली की डोकंच फिरतं. कारण नीट बघितलं तर निम्म्याहून जास्त कामं स्त्रीबीज आणि त्याच्या आजूबाजूच्या पेशीच उरकत असतात, माणसातही आणि फुलातही, फुलात तर जरा जास्तच.

आधी माणसाचं बघू. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साधारण ६० ते ७० लाख बीजपेशी असतात, जन्मापर्यंत १०-२० लाख उरतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख, आणि अख्ख्या आयुष्यात बाहेर पडतात फक्त ४००-५००! बाकीच्या तिथल्या तिथे विरून जातात. त्यात अजून एक म्हणजे ज्या टिकतात त्यांनी अर्धसूत्री विभाजन (क्रोमोसोम, म्हणजे जनुकं वाहणारे धागे, निम्मे करणारं पेशीविभाजन) जन्माआधीच सुरू करून मधेच थांबवलेलं असतं. म्हणजे चाळिशीत जे स्त्रीबीज बाहेर येतं ते चाळीस वर्षं अर्ध्यावर अडकून होतं, क्रोमोसोमच्या जोड्या तशाच धरून. त्या धरून ठेवणारी प्रोटीन्स इतक्या वर्षांत ढिली पडतात, आणि वाढत्या वयात क्रोमोसोमच्या वाटणीत गडबडी वाढतात त्यामागचं हे एक मोठं कारण.

मग महिन्यात कधीतरी मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून एलएच नावाचं हार्मोन एकदम उसळतं आणि साधारण ३६ तासांनी पुटिका (अंडाशयातली स्त्रीबीज असलेली पिशवी) फुटून स्त्रीबीज बाहेर पडतं, हेच ओव्ह्युलेशन. त्याच्या थोडं आधी ते अडकलेलं विभाजन पुढे सरकतं, अर्धे क्रोमोसोम एका पिटुकल्या पेशीत घालून बाजूला काढले जातात आणि खाऊचा साठा जवळजवळ सगळा स्त्रीबीज स्वतःकडेच ठेवतं. आणि परत थांबतं! दुसरा टप्पा शुक्राणू आत शिरल्यावरच पूर्ण होतो, तो आलाच नाही तर कधीच नाही.

अंडवाहिनी अंडाशयाला थेट जोडलेली नसते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिच्या टोकाची झालर अंडाशयावरून फिरते आणि बाहेर पडलेलं स्त्रीबीज आत ओढून घेते. तिथून त्याच्या हातात १२ ते २४ तास. शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, त्यामुळे दिवस राहण्याच्या दृष्टीने ओव्ह्युलेशनच्या आधीचे दिवसच जास्त महत्त्वाचे, नंतर घाई करून फारसा उपयोग नाही.

आता ती शर्यत. निघतात २०-३० कोटी, अंडवाहिनीत स्त्रीबीजाच्या आसपास पोचतात काहीशे, आणि जे सुसाट आधी पोचतात ते लगेच काही करूच शकत नाहीत, कारण स्त्रीच्या शरीरात काही तास काढल्याशिवाय शुक्राणूला फलन करायची क्षमताच येत नाही. हे १९५१ मध्ये चांग आणि ऑस्टिन या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळं शोधून काढलं. आणि एक आत शिरला की स्त्रीबीज आपल्या पृष्ठभागाखालच्या कणांमधली द्रव्यं बाहेर सोडून भोवतीचं कवच असं बदलून टाकतं की दुसऱ्याला जागाच नाही.

फुलात अंडपेशी बाहेर पडतच नाही. बीजांडाच्या (ज्याचं पुढे बी होतं त्याच्या) आत एका पेशीचं अर्धसूत्री विभाजन होऊन चार पेशी होतात, बहुतेक फुलझाडांत त्यातल्या तीन मरतात, उरलेलीचं केंद्रक तीनदा विभागून आठ केंद्रकांचा आणि सात पेशींचा भ्रूणकोश बनतो. त्या सातांतली एक अंडपेशी, तिच्या शेजारी दोन सहायक पेशी असतात, माझ्या मते खरी कर्तबगारी यांचीच. परागकण कुक्षीवर (फुलाच्या मादीभागाच्या टोकावर) पडतो, तिथेही तपासणी असते, कित्येक झाडं स्वतःचाच पराग असेल तर त्याला अडवतात. चाललं तर परागकणातून परागनलिका, म्हणजे एक नळी, निघते आणि खाली वाढत जाते, आत दोन पुंपेशी (नरपेशी), फुलझाडांत यांना शेपटी वगैरे काही नसते, नळी नेईल तिकडे जायचं. मक्याच्या कणसाचा एकेक केस म्हणजे एकेका बीजांडाला जोडलेली वाट, आणि ती २० सेंटीमीटरपेक्षा लांब असली तरी नळी साधारण एका दिवसात पार करते.

शेवटच्या टप्प्यात तिला बोलावतात त्या सहायक पेशी. जपानच्या हिगाशियामा यांच्या टीमने २००९ मध्ये टोरेनिया या फुलात ती आकर्षित करणारी छोटी प्रोटीन्स शोधली, टोरेनियाच निवडलं कारण त्याचा भ्रूणकोश बीजांडाबाहेर डोकावतो आणि सगळं उघड्यावर दिसतं. नळी आली की एका सहायक पेशीत शिरून फुटते, ती पेशीही मरते आणि दोन पुंपेशी मोकळ्या होतात. एक अंडपेशीशी मिळते, दुसरी मधल्या पेशीतल्या दोन केंद्रकांशी, त्यातून तिप्पट क्रोमोसोमवाला भ्रूणपोष, म्हणजे बियांतल्या बाळाचा खाऊ, तयार होतो. हे द्विफलन वनस्पतिशास्त्रज्ञ नावाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवलं.

मला यातला हिशोब फार आवडतो. माणसाचं स्त्रीबीज सगळी शिदोरी आधीच बांधून निघतं आणि फलन झालं नाही तर ती वाया. फुलझाड बाळाच्या खाऊवर खर्च सुरू करतं तेच मुळी फलन झाल्यावर. पाइनसारखी झाडं मात्र माणसासारखीच आधी साठवतात, त्यामुळे झाडं सगळी एकजात शहाणी असंही नाही.

आणि ती दुसरी सहायक पेशी शिल्लक असते ना, ती उगाच नाही. पहिल्या नळीतून आलेल्या पुंपेशींकडून काम झालं नाही तर ती दुसऱ्या नळीला बोलावते, फलन झालं की तिचंही बोलावणं बंद. माणसात त्या स्त्रीबीजाला असा वाढीव वेळ नाही, २४ तास गेले की ते विरून जातं आणि पुढच्या महिन्याला दुसरंच कुठलं तरी.